सहा जणांत चार डिश

रविवार, ८ तारीख. दुपारी ३.१०

बोटीवर येऊन तीन तास झाले. तेवढ्यात मनुष्यजातीबद्दलचा उरलासुरला आदर संपला.

नवव्या मजल्यावर मोठा हॉल आहे. तिथे आपापलं वाढून घ्यायचं. जो तो प्लेट घेऊन धावतोय. एका गृहस्थाच्या प्लेटमध्ये खाली पास्ता, त्यावर मासा, माशावर चॉकलेट केक. केकच्या अंगावरून पांढरा सॉस ओघळून पुन्हा पास्त्यात. दोन घास खाल्ले, प्लेट सरकवली आणि नवी भरायला उठले. जुनी तशीच टेबलावर, केकात चमचा उभा. शिसारी आली.

एकतीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दोनशे वीस मुली. मेसमध्ये काय शिजायचं, किती शिजायचं, कुणाच्या ताटात किती पडायचं, सगळं माझ्या नजरेखाली. टाकलेलं मला खपत नसे. निवृत्त झाले त्या दिवशी मुलींनी मेसमध्ये टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवत होत्या.

ही सहल मुलाने दिली आहे, निवृत्तीची भेट म्हणून. सात रात्री. बरोबर हे, मुलगा, सून, माझी नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे भावोजी. एकूण सहा. रात्रीचं जेवण खालच्या डायनिंग रूममध्ये, सात वाजता, रोज त्याच टेबलावर. वेटर येऊन ऑर्डर घेतो. एकेकाने कितीही डिश मागवाव्यात, कोणी अडवत नाही. फुकट ते पौष्टिक! हावरटपणाला इथे राजमान्यता आहे.

लग्न झाल्यापासून मुलगा आमच्याबरोबर सलग सात दिवस जेवलेला नाही. म्हणून निश्चय: सातही रात्री सहाही जण एका टेबलावर, एका वेळी जेवणार. ऑर्डर मी देणार. सूत्र असं: सहा जणांत सूप सहा, मुख्य डिश चार, गोड दोन. मध्ये ठेवून वाटून घ्यायचं. ताटात कणही राहता कामा नये. मी स्वतः फक्त सूप घेणार. उदाहरण घालून द्यायला कोणीतरी हवं.

सोमवार, ९. सकाळी ६.४५

पहिलं जेवण यशस्वी.

वेटर मध्यमवयीन, झुपकेदार मिशांचा, अदबशीर. चार डिश म्हटल्यावर त्याने टेबलावरची माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. सहाच आहेत, असं मी त्याला सांगितलं.

नणंद म्हणाली, वहिनी, अगं इथे कोणी हिशेब मागत नाही. मी म्हटलं, मी मागते. भावोजी म्हणाले, माझ्या वाट्याला कोंबडीचा नुसता पंख आलाय हो वहिनी. म्हटलं, बरं झालं, हलका असतो. यावर मुलगा हसला. वातावरण खेळीमेळीचं होतं.

सुनेच्या वाट्याला मासा दिला. तिला मासा आवडत नाही म्हणे. आवड ही सवयीची गोष्ट आहे. तिने अर्धा ठेवला. नणंदेने बटाटे ठेवले, ह्यांनी गाजरं. पुडिंगच्या भांड्याच्या कडेला चांगला बोटभर थर तसाच. वेटर उचलायला आला. त्याला थांबवलं आणि सगळं संपवलं. एरवी मी फक्त सूप घेतलं.

जेवणानंतर सगळे वर डेकवर हवा खायला गेले. तासाभराने परतले. मुलाच्या बाहीला टोमॅटो सॉस. वर वारा फार असतो म्हणतात.

मंगळवार, १०. दुपारी २.००

काल रात्री बंड. मी चार डिश सांगून मेन्यू मिटला, आणि भावोजींनी माझ्या डोळ्यांदेखत वेटरला खूण करून आणखी एक रोस्ट चिकन मागवलं. आख्खं. एकट्याला. खाताना हनुवटीवरून तेल गळत होतं. ते त्यांनी बोटाने पुसलं आणि बोट चाटलं. निवृत्त इंजिनिअर! नणंद कौतुकाने बघत होती.

आणि एवढं करून मांडी तशीच टाकली. म्हणाले, वहिनी, आता जागा नाही. मी म्हटलं, जागेचा अंदाज आधी घ्यायचा असतो. मांडी मी संपवली. भूक म्हणून नव्हे. इच्छा तर मुळीच नव्हती. तत्त्व म्हणून.

सून हळूच म्हणाली, आई, तुम्हीच एक आख्खी डिश का मागवत नाही? मी म्हटलं, मी रात्री फक्त सूप घेते. ती मुलाकडे बघायला लागली. नजरेत आदर असावा.

दोष ऑर्डरीत आहे हे मान्य. कुठली डिश किती मोठी, कशाबरोबर काय येतं, हे माहीत नसताना ऑर्डर देणं म्हणजे अंधारात तीर. मेसमध्ये मी असं कधी केलं नाही. घंटा होण्याआधी प्रत्येक भांड्यातलं रेक्टरने चाखायचं, ही पद्धत. मग पंगत. तीच इथे सुरू करते आहे. आज साडेसहाला, एकटी जाऊन.

कॅप्टनच्या नावे सूचनापत्र टाकलं. चार पानी.

बुधवार, ११. सकाळी ७.३०

शितावरून भाताची परीक्षा, हे या लोकांना समजावणं कठीण. वेटर म्हणाला, मॅडम, किचन नमुना देत नाही, डिश देतं. म्हटलं, मग डिश आण. मेन्यूवर अकरा पदार्थ होते. अकरा डिश आल्या.

प्रत्येकातले दोन-दोन चमचे घ्यायचे असं ठरवलं होतं. पण दोन चमचे घेतलेली डिश परत गेली की ती कचऱ्यात जाते. वेटरनेच तसं सांगितलं, आणि तेही निर्विकार चेहऱ्याने. अकरा उष्ट्या डिश कचऱ्यात! माझ्या नावावर! प्रश्नच नव्हता.

सातला मंडळी आली तेव्हा मी नवव्या डिशवर होते. क्रीमचा पास्ता. थंड झाला की चिकट होतो, वर साय धरते, गिळताना घशाला बिलगतो. मुलगा म्हणाला, आई, तू जेवून घेतलंस? म्हटलं, छे, चाखते आहे. ह्यांनी खुर्ची ओढली, टेबलाकडे पाहिलं, आणि रुमालाने उगाच चष्मा पुसला.

नंतर रीतसर ऑर्डर दिली. सूप सहा, डिश चार, गोड दोन. अकरा डिश यात मोजायच्या नाहीत. ती तपासणी होती.

पहाटे चार वाजता मला बोट लागली. बोटीच्या डॉक्टरकडे गेले. तरुण बाई आहे, केस मोकळे. म्हणाली, समुद्र तर तीन दिवस आरशासारखा आहे. काय खाल्लं होतंत? मी म्हटलं, सूप. तिने पोट दाबून पाहिलं आणि गोळ्या दिल्या. पाकिटावर बोट लागण्याबद्दल एक अक्षर नाही. या पिढीचं निदानच कच्चं.

गुरुवार, १२. सकाळी ८.००

नणंद आणि भावोजी काल जेवायला आले नाहीत. पोट बरं नाही असा निरोप. बिचारी. लिफ्टपाशी भेटली तेव्हा भावोजींच्या हातात झाकलेली प्लेट होती आणि ते काहीतरी चघळत होते. औषध असावं.

चौघांना सूत्र लावलं तर डिश येतात दोन पूर्णांक दोन-तृतीयांश. तीन मागवल्या. पण मग नणंदेचा विचार आला. आयत्या वेळी बरं वाटून ती आली तर? म्हणून चारच ठेवल्या. ती आली नाही. तिचा वाटा मीच संपवला. नणंदेसाठी लोक काय काय करत नाहीत, मी तर एवढंच केलं. बटाट्याचा लगदा होता, मध्ये लोण्याचं डबकं. त्यात सुनेच्या प्लेटमधला एक वाटाणा पोहत आला होता. डोळे मिटून खाल्लं.

पलीकडच्या टेबलावर एक जोडपं रोज सहा गोड डिश मागवतं, प्रत्येकीतला एकेक चमचा खातं आणि उरलेल्याचे फोटो काढतं. काल मी त्यांच्या टेबलाशी जाऊन दोन शब्द सुनावले. मुलगा म्हणाला, आई, प्लीज. सून मेन्यूआड तोंड लपवून होती. मुली लाजाळू असाव्यात, मला आवडतं.

शुक्रवार, १३. सकाळी ७.१५

काल मुलगा आणि सून आले नाहीत. काहीतरी शो होता, नेमका सातला. मुलगा सांगायला आला तेव्हा दारातच उभा होता. म्हणाला, आई, राग मानू नकोस, आपण सकाळचा चहा एकत्र घेत जाऊ. मी म्हटलं, चहात वाटून काय घ्यायचं? तो गेला.

नणंद-भावोजींचं पोट अजून बरं नाहीच. उरलो आम्ही दोघं. छत्तीस वर्षांत ह्यांनी हॉटेलात कधी मेन्यू हातात घेतलेला नाही. मी ठरवावं, ह्यांनी खावं. शिस्त म्हणजे काय, हे कोणाला बघायचं असेल तर मी ह्यांच्याकडे बोट दाखवते.

काल ह्यांनी चष्मा लावला. मेन्यू उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. वेटर वही घेऊन उभा. हे म्हणाले, मला मासा. एक. आख्खा. वेटरने माझ्याकडे बघितलं. त्यावर हे त्याला म्हणाले, त्यांच्याकडे बघू नका, मासा मी खाणार आहे.

मी माझं सूप सांगितलं.

मासा आला. शेपटीपासून डोक्यापर्यंत. ह्यांनी सावकाश खाल्ला. काटा न् काटा चोखला. प्रत्येक काटा चोखताना होणारा तो आवाज! इतक्या वर्षांत मी तो ऐकलेला नव्हता, कारण इतका मासा ह्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. मग हे टेकून बसले आणि म्हणाले, वा.

डोकं टाकलं होतं. डोळ्यासकट. मी बोट दाखवलं. हे म्हणाले, अगं, डोकं कोणी खात नाही.

मी खाल्लं. डोळ्याबद्दल लिहीत नाही.

निश्चय: मौन. आजपासून घरच्या कोणाशी एक शब्द नाही. चूक ज्याची त्याला कळली पाहिजे. वसतिगृहात माझं मौन तीन दिवसांच्या वर कोणी सहन केलेलं नाही.

शनिवार, १४. सकाळी ११.००

मौनाचा परिणाम दिसतो आहे. काल रात्री टेबलावर मी एकटीच होते, म्हणजे मंडळी तोंड दाखवायला कचरत आहेत. आज सकाळी वरच्या हॉलमध्ये पाचही जण एका टेबलावर बसले होते आणि मोठमोठ्याने हसत होते. अस्वस्थ माणसं असंच करतात. नणंदेने लांबून हात केला. मी चहात साखर ढवळत राहिले. साखर मी घेत नाही.

आज शेवटची रात्र. मोठ्या माणसाने मन मोठं करावं. आजच्यापुरतं सूत्र बाजूला ठेवते आहे. सहा जणांत सहा डिश. प्रत्येकाला आख्खी. आणि प्रत्येकाला त्याच्या आवडीची. वेटरला आत्ताच यादी देऊन आले: भावोजींना रोस्ट चिकन, मांडी वरच्या बाजूला. नणंदेला बेक केलेल्या भाज्या, त्यांत बटाटा नको. मुलाला मटणाचे काप, लहानपणापासून कडेचे करपलेले आवडतात, तसे. सुनेला पास्ता, तिने रविवारी मेन्यूवर बोट ठेवलं होतं आणि मी पान उलटलं होतं. ह्यांना मासा. मला सूप. वेटरने यादी दोनदा वाचली. म्हणाला, मॅडम, सहा? मी म्हटलं, सहा. गरम आली पाहिजेत, ठीक सातला.

कोणाला निरोप दिलेला नाही. मौन आहे. आणि गरजही नाही. मेसमध्ये घंटा झाली की मुली येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

शनिवार, १४. रात्री ८.४०

सातला सहा डिश आल्या. गरम.

सात वीस. वेटर म्हणाला, झाकून ठेवू? म्हटलं, ठेव.

सात चाळीस. वेटर म्हणाला, मॅडम, नेऊ? म्हटलं, नाही. कुठे नेतील ते मला माहीत आहे.

नणंदेच्या डिशपासून सुरुवात केली. मग सुनेचा पास्ता. मग चिकन. चिकनची चरबी थंड होऊन पांढरी पडली होती, टाळूला मेणासारखी चिकटत होती. पलीकडची मंडळी आता माझे फोटो काढत होती. मुलाचे काप घेतले. कडा करपलेल्याच होत्या, बरोबर सांगितल्यासारख्या. ते चावायला वेळ लागत होता.

सव्वाआठला हे आले. समोर बसले. म्हणाले, सगळे वर जेवले. सुनेने तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, कोणाला बसू दिलं नाही. अर्धा तास वाट बघितली. मुलगा म्हणाला, आईचं मौन आहे, बोलवायला गेलो तर आणखी चिडेल. मग सुरुवात केली.

मग ह्यांनी टेबलावरच्या डिश बघितल्या. एकेक करून. मांडी वर ठेवलेलं चिकन, करपलेल्या कडा, शेवटी आपला मासा. मासा अजून आख्खा होता.

वेटर आला. ह्यांनी मेन्यू मागितला. एक कॉफी सांगितली, आणि केकचा तुकडा. मोठा, म्हणाले. मला विचारलं नाही.

मी काही बोलले नाही. तोंडात घास होता.