पागेतली तिसरी चूल

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही. शब्द मात्र आठवतात. संस्थानाच्या जुन्या पागेतल्या चार खोल्यांत तुम्ही टाकलेल्या बायकांना ठेवत होतात. भिंतींचा घोड्यांचा वास गेलाच नव्हता. नवरा वारल्यावर सासरच्यांनी मला जव्हारच्या वेशीवर आणून सोडलं आणि मी तुमच्या दारात आले. पहिल्या सकाळी माझी चूल पेटेना, म्हणून शेजारणीकडून निखारा आणला. तुम्ही त्यावर तांब्याभर पाणी ओतलंत. "रडायचं तर ओसरीवर रड. आत जिची तिची चूल, जिचा तिचा विस्तव." त्या दिवशी मी उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी चूल पेटली. अक्षरांचंही तसंच. तुम्ही पाटी दिलीत आणि पाठ फिरवलीत. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले.

तिसऱ्या खोलीत ती आली, खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरून. तिथे दोन गुरं मेली आणि भगताने हिला भुताळी ठरवलं. कपाळावर दगडाची खोक ओली होती. तुम्ही मला म्हणालात, "हिला तू उभी कर. जमलं तर इथेच राहा, शिकवायला. नाही तर पावसाआधी तुझी तू वाट धर." मला जायला जागा नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं.

एखादी बाई उभी राहिली की नाही, तिला गावी परत धाडायचं की नाही, हे तुम्ही एकाच गोष्टीवरून ठरवायचात. जिथे तिच्या गावची माणसं येतात त्या बाजारात तिने एकटीने बसायचं आणि स्वतः लावलेल्या पत्रावळी मान वर ठेवून विकायच्या. मी लांबून बघून तुम्हाला सांगायचं. ती बसली. तिच्या पाड्याचे दोघे आले.

"अगं भुताळे, कुणाला खाऊन आलीस?"

"पत्रावळीवर वाढतेस काय, काळीज?"

बाजार हसला. ती सगळं टाकून टेकडीवरच्या करवंदीच्या जाळ्यांत पळाली. मी तिच्या जागी बसले आणि शेवटची पत्रावळ विकेपर्यंत उठले नाही. मग तिला शोधायला गेले. ती म्हणाली, "माला नको गं पाड्यावर धाडू, बाय. अजून भ्या जात नाय."

"बाईंना यातलं काही सांगायचं नाही," मी म्हणाले.

पागेत तुम्ही विचारलंत, "मान?"

"वर होती."

तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

तिचा भाऊ न्यायला आला. जाणाऱ्या बाईला तुम्ही एक कोयती आणि एक कोंबडी द्यायचात, तशी तिलाही दिलीत. निघताना ती माझ्याकडे बघत राहिली, पण मी सांगितलं होतं तसं काहीच बोलली नाही. पाचव्या दिवशी भाऊ परत आला आणि कोयती पायरीवर ठेवून उभा राहिला.

"हे तुमचं घ्या, बाई."

"आणि ती?"

"तिला आता लागायची नाय."

पाड्यातल्यांनी तिला विहिरीवर दगडांनी मारलं, हे नंतर कळलं. तुम्ही दोन दिवस चूल पेटवली नाहीत. "माझीच नजर चुकली," एवढंच म्हणालात. मी तुमच्यापुढे आंबील ठेवली. त्याच महिन्यात तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत, आणि पुढच्या वर्षी ती चूक स्वतःची मानूनच गेलात.

पागा आता मी चालवते. कुणाची चूल पेटली नाही तर मी निखारा देते. बायका म्हणतात, तुमच्यापेक्षा मी मऊ आहे. हा कागद जाणार कुठे? फडताळात त्या कोयतीखाली ठेवते आहे.

एक राहिलं. जाळीत ती सापडली तेव्हा तिच्या हातात पानाचा द्रोण होता, करवंदांनी भरलेला. "तू उन्हात बसलीस ना, बाय. तुझ्यासाठी तोडली." मी उभ्या उभ्या ती सगळी खाल्ली. गोड होती.