मच्छिंद्रचं नाव वगळून

भिंगार, ता. १२ मार्च १९४६

तीर्थस्वरूप गं. भा. चांगुणाआक्का हिचे सेवेशी,
बालके गोरक्षनाथाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मच्छिंद्राचा खोकला अजून उतरत नाही असं खाजाभाईनं सांगितलं. त्याची सर्व्हिस मोटार आठवड्यातून दोनदा तरी पाथर्डीला येते, म्हणून तुमची खबर लागते. नाहीतर माझ्या डेपोच्या कारकुनीत रजा मिळणं कठीण. बरोबर औषधाची बाटली पाठवली आहे. डॉक्टर म्हणाले की दूध आणि अंडी चुकवू नयेत.

आक्का, एक बातमी आहे आणि ती गोड की कडू तेच मला समजेना. आमचं बंधुमंडळ, ते बाहेरगावच्या पोरांच्या राहण्या-जेवणाचं, परत सुरू होण्याची चिन्हं आहेत. बेचाळीसच्या ऑगस्टात हायस्कुलाच्या छपरावर झेंडा लागला, आवारात पोलीस शिरले आणि कमिटीनं मंडळ बंद करून दगडी खोलीला कुलूप घातलं, तेव्हापासून पाथर्डी-शेवगावकडच्या पोरांना नगरात पाठ टेकायला जागा नाही. आम्ही जुने पोरगे गेलं वर्षभर हेडमास्तरांचे उंबरे झिजवतो आहोत. परवा त्यांनी बसवून घेतलं आणि म्हणाले की कमिटी खोली द्यायला तयार आहे.

पण अट अशी. आम्ही जुन्या सभासदांनी लिहून द्यायचं की झेंड्याचा सगळा बेत एकट्या मच्छिंद्राचा होता, त्यानं आम्हाला फसवलं. मंडळ काढणाऱ्यांत त्याचं नाव लावायचं नाही, आणि त्यानं आवारात पाऊल ठेवायचं नाही. मी म्हणालो की सर, तो बेत आमच्या सर्वांचा होता, शिडी तर मीच धरली होती. ते म्हणाले की ते मला ऐकायचं नाही, कमिटीला एक माणूस पाहिजे.

मच्छिंद्राला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. आत्या गेल्यावर तू तुझ्या या भावाला आणि मला एका ताटात जेवू घातलंस. आता मी काय करू ते तूच सांग.

माया आहे तशी राहू दे. कळावे.
तुझा मामेभाऊ,
गोरक्षनाथ

०

पाथर्डी, ता. ५ एप्रिल १९४६

चि. गोरखास चांगुणाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. औषध पोचलं. अंडी तो खात न्हाई, म्हनतो वास येतो. मी दुधात कालवून देते, ते बी वकतो. रात्री पाठ चोळते तवा हाडं हाताला लागत्यात. तुरुंगातनं आला तवा निदान उभा तरी ऱ्हायचा.

तू इचारतोस काय करू. मी चार बुकं शिकलेली बाई, मला काय इचारतोस? तुझं पत्र वाचलं तवा आधी असा राग आला की चुलीत घालावं. ज्याला मी माझ्या हातानं भरवलं त्याच्या हातानं असलं लिहावं, ह्ये मला बघवायचं न्हाई.

पन मग गोजरबाईचा छगन आला. आपल्या शेजारची गोजरबाई, तुला ठावं हाय. पोरगं नगरात सहावीत हुतं. धर्मशाळेच्या वट्यावर निजायचं, मिळंल ते खायचं. तापानं फनफनत चालत आलं बघ, मोटारीला पैसा न्हवता. आता म्हनतं शाळा नगं, बापासंगं कारखान्याच्या मळ्यात ऊस खुरपाय जातो. गोजरबाई माझ्या दारात बसून रडली. म्हनली, तुमचा मच्छिंद्र त्या खोलीत शिकून मानूस झाला, माझ्या पोराला तेवढी तरी जागा न्हाई का?

तिला काय सांगू? आत खाटंवर मच्छिंद्र ऐकत हुता. नंतर मला म्हनला, आक्का, मंडळ उघडंल बघ यंदा, गोरख गप बसायचा न्हाई.

मला काई सुचंना. तूच शिकलेला हायस. जिवाला जप.
चांगुणा

०

भिंगार, ता. ९ मे १९४६

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी गोरक्षनाथाचे दंडवत. वि. वि. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही.

गेल्या रविवारी खाजाभाईच्या घरी आम्ही जुने सारे जमलो. कुणी नेवाशाहून आलं, कुणी जामखेडहून. हेडमास्तरांनी कागद तयारच करून दिला होता, तो मी वाचला. मग भांडण जुंपलं. काहीजण म्हणाले की सही करा, मच्छिंद्र आपलाच आहे, तो समजून घेईल. पोरं गेली तर परत येणार नाहीत. खाजाभाई उठला आणि म्हणाला की पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं आपल्यातल्या एकाचंही नाव घेतलं नाही, मार खाल्ला. आणि आज कुणी काठी उगारलेली नसताना आपण त्याचं नाव घ्यायचं? त्यानं कागद माझ्या हातून ओढून फाडला. कुणाचीच सही झाली नाही. त्या वेळी मला बरं वाटलं, आक्का.

दुसऱ्या दिवशी मी एकटा हेडमास्तरांकडे गेलो. मुंबईत आपलं सरकार आलं आहे, आता कसली भीती म्हणालो. ते म्हणाले की सरकार येतात-जातात, बंद झालेलं अनुदान परत मिळवायला त्यांची उमेद खर्ची पडली. माणूस वाईट नाही. बोलताना नजर खाली होती. पण शाळा उघडायच्या आत लेखी मिळालं नाही, तर खोली सरकीच्या व्यापाऱ्याला गोदामाला द्यायचं ठरलं आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं आणि दार उघडून धरलं.

येताना खोलीकडे गेलो. व्यापाऱ्याची माणसं दाराची मापं घेत होती.

आम्ही सही केली नाही म्हणून मान वर करून परत आलो, आणि त्या मानेपायी छगनसारखी पोरं उसाच्या मळ्यात जाणार. कुठल्या तोंडानं पाथर्डीला येऊ?

मनातून उतरवू नकोस.
गोरक्षनाथ

०

पाथर्डी, ता. २१ मे १९४६

चि. गोरखास आशीर्वाद. मी मच्छिंद्रला समदं सांगितलं. तू नगं म्हनला हुतास, पन सांगितलं. तो रोज इचारायचा, खोली उघडली का, गोरखाचं काय आलं का. त्याच्या म्होरं रोज खोटं बोलायचं माझ्यानं हुईना.

आधी तो हसला. मग खोकला लागला, रगत पडलं. मग भिंतीकडं तोंड केलं ते दोन दिस अन्न घेतलं न्हाई. मी पाया पडले. तवा वरडला माझ्यावर. म्हनला, मला बायको न्हाई, लेकरू न्हाई, जिमीन म्हनावी तर खडक. माझं म्हनून एवढंच हाय, की ती खोली मी मागून घेतली आन् त्यात समद्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. त्येबी काढून घेता? मी म्हनले, न्हाई रं बाबा, कुनी सही केली न्हाई. तर म्हनला, मग खोलीचं काय?

तिसऱ्या दिवशी छगनची माय सांगाया आली की बैलगाडी ठरली, पोरगं बापासंगं निघालं. ती गेल्यावर मच्छिंद्रनं दौत मागितली. मी कागदाखाली पाटी धरली. काय लिवलं ते मला वाचू दिलं न्हाई. लिवून झाल्यावर पोरावानी रडला. मी त्याला बापाच्या मयतीला बी असा रडलेला बघितला न्हवता.

खाजाभाईच्या हाती तो कागद धाडते.
चांगुणा

०

पाथर्डी, ता. २१ मे

प्रिय गोरख यास सप्रेम नमस्कार.

सोबत हेडमास्तरांच्या नावे माझं लेखी निवेदन आहे. झेंड्याचा बेत माझा एकट्याचा होता, इतर विद्यार्थी व सभासद यांना मी खोटं सांगून सामील केलं, आणि यापुढे मंडळाशी माझा संबंध नाही, असं त्यात आहे. खाली माझी सही आहे. म्हणजे तुम्हाला कुणाला ती करावी लागणार नाही.

हे मी खुशीनं केलं असं समजू नकोस. मला फार राग आहे. कुणावर ते समजत नाही. तुझ्यावर नाही. खाजाभाईनं कागद फाडला हे ऐकून बरं वाटलं, त्याला सांग.

पंगत एकच ठेवा. कमिटीनं त्यावर काही म्हटलं तर मात्र नमू नका.

तुझा,
मच्छिंद्र

०

भिंगार, ता. २३ जून १९४६

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी गोरक्षनाथाचे दंडवत. वि. वि. खोली उघडली.

ते निवेदन मी खिशात घेऊन हिंडत होतो. देववेना. शेवटी खाजाभाईच म्हणाला की आता न देणं म्हणजे त्याचं रडणं वाया घालवणं. हेडमास्तरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. हे खरं नाही ना, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, खरं नाही. त्यांनी घडी करून कमिटीच्या फायलीत ठेवलं.

पोरं आली आहेत. मी कारखान्यावर जाऊन छगनला परत आणलं; त्याचा बाप आधी सोडीना, मग गाडीपर्यंत पोचवायला आला. पण आक्का, मंडळ महिन्याभरातच मोडेल अशी धास्ती आहे. स्वयंपाकाला बाई मिळत नाही. ज्या येतात त्या विचारतात की पोरं कुठल्या कुठल्या जातीची, आणि सगळे एकत्र बसतात म्हटलं की तोंड फिरवतात. पोरं करपलेल्या भाकरी खाऊन शाळेत पेंगतात. कमिटीतला एकजण म्हणाला की दोन पंगती करा, बाई मीच देतो. आम्ही नाही म्हटलं. किती दिवस नाही म्हणू शकू, ठाऊक नाही.

मच्छिंद्राला यातलं बरं तेवढं सांग. येत्या शनिवारी येतो.

लोभाची सावली असू दे.
गोरक्षनाथ

०

पाथर्डी, ता. १४ जुलै १९४६

चि. गोरखास अनेक आशीर्वाद. तू त्या शनवारी आलास ते मच्छिंद्रच्या मातीलाच, खांदा दिलास, आन् एक सबूद न बोलता गेलास. मी बी बोलले न्हाई. आता लिवते.

तुझं खोली उघडल्याचं पत्र आलं तवा तो जिता हुता. मी समदं वाचून दाखवलं, भाकरीचं बी. छगन परत आला म्हनल्यावर त्यानं माझा हात धरला. पन त्याला सुखानं मरन आलं असं मी लिवनार न्हाई. शेवटच्या तापात तो वरडायचा, मी फसवलं न्हाई, आक्का, मी कुनाला फसवलं न्हाई. मी म्हनायची, ठावं हाय रं समद्यांना. त्याला ऐकू जात हुतं का न्हाई, देवाला माहीत. गोरखा, त्येवढं माझ्या काळजातनं जात न्हाई. त्या फायलीत खोटं लिवलेलं ऱ्हानार आन् माझा भाऊ जळून गेला.

आता इथं मला कोन हाय? घर सकाळी झाडते आन् दिसभर दाराकडं बघत बसते. काल गोजरबाईला म्हशीचा दोर दिला, म्हनले संबाळ. ती म्हनली, कुटं निघालात? मी म्हनले, कामाला.

तुमाला स्वयंपाकाला बाई पाहिजे ना? मला भाकरी येत्यात. कोन कुठल्या जातीचं त्ये मला इचारायचं न्हाई. पोरं एका वळीत बसली की मी वाढंन, आन् कुनी उठवाया आलं तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागंल.

फाटक त्यांनी मच्छिंद्रला बंद केलं, त्याच्या बहिनीला न्हाई. त्याचं नाव घ्यायची तुमाला बंदी असंल, तुमी सह्या-करारवाले. मी कशावर अंगठा बी दिला न्हाई. पोरांनी इचारलं मावशी तुमी कोनाच्या, तर मी सांगनार.

सोमवारी खाजाभाईच्या मोटारीनं येते. चूल मोठी मांडून ठेव.

तुझी आक्का,
चांगुणा