देवेशला एक शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार

मोताळ्याहून रामराव आला होता. शाळेतला सोबती. त्याच्या पोरीनं, रेवतीनं, विमान चालवायचं लायसन काढलंय — आणि पायलटच्या मुलाखतीला बोलावलं ते नेमकं आमच्या देवेशच्या कंपनीत.

"चिंतामणभाऊ, देवेशले एक फोन लावा ना. तो कॅप्टन हाय तिथं. एका शब्दाचं तं काम."

याला विमान कंपनी म्हणजे गावची पतसंस्था वाटते!

"लावतो," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरगा रोज फोन करतो, असं अख्ख्या बुलढाण्याला मीच सांगत फिरतो.

४ नोव्हेंबर

देवेशची आई, सुहासिनी, गेली त्या दिवशी साहेब ड्युटीवर. फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी उगवले, तोवर सगळं उरकलं होतं. सगळे सतरंजीवर बसलेले. तोही खाली बसायला लागला, तर मी म्हणालो, "कॅप्टनसाहेबांना खुर्ची द्या रे. पाहुणे आहेत."

खोटं काय बोललो? पाहुणाच तो.

तेरवी झाली तसा गेला. त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. एक फोन नाही. मी काऊन करू? बाप मी आहे.

७ नोव्हेंबर

रामराव पुन्हा. सोबत रेवती.

"लावला का?"

"लावला."

"काय म्हणे?"

"बघतो म्हणाला."

किती सहज निघतं आता तोंडातून. पोरगी पाया पडली, तेव्हा मात्र कसंतरीच झालं. तिला म्हटलं, "बाई, कोणाच्या शब्दावर राहू नको. अभ्यास कर." रामरावला तो माझा मोठेपणा वाटला. गाडीत बसेपर्यंत हात जोडत होता.

९ नोव्हेंबर

मोबाईल घेतला. नाव काढलं. ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर

आज मुलाखत. आपल्याकडची पोरगी म्हटल्यावर देवेश भेटणार. ही विचारणार, काकांचा फोन आला होता ना? तो म्हणणार, कायचा फोन? संध्याकाळपर्यंत मोताळ्याच्या बाजारात माझी शोभा. आणि पोरीला वाटेल, काकानं फसवलं.

दुपारी ताट तसंच सरकवलं. एवढं होऊन राग येतो तो त्याचाच.

१५ नोव्हेंबर

रेवतीचा फोन. झाली निवड. स्वतःच्या जोरावर झाली, हे तिला सांगायला तोंड उघडलं, तर तीच बोलत सुटली.

"काका, देवेशदादा भेटले. म्हटलं, काकांनी फोन केला होता ना? जरा थांबले. मग म्हणाले, हो, सांगितलं बाबांनी. त्यांच्यासोबत एक मॅडम होत्या, त्या हसल्या. म्हणाल्या, याचं बाबांशी रोज बोलणं होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कितीक वर्षांपासून ऐकतो."

मी फोन या कानाचा त्या कानाला केला.

"काका? ऐकू येऊन राह्यलं ना?"

"हो," म्हणालो. "रोजच बोलतो आम्ही."