बाईसाहेबांची पंगत

आई,

आपल्याकडे पुन्हा घोडी आली आहे. तुला हे आता कळवणं म्हणजे वरातीमागून घोडं, तू जाऊन तीस वर्षं होत आली. पण दुसऱ्या कुणाला सांगावं तर ते आधी माझी तब्येत विचारतात. तुझ्या नातीनं तर सरळ विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? ती भर शहरात, कोरमंगलात राहते, तिथं स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिला घोड्याची गोष्ट कशी पटावी? म्हणाली, करमत नसेल तर कुत्रं पाळ, मांजर पाळ, नाहीतर माझ्याकडे येऊन राहा. मी म्हटलं, बाई गं, मी राजाजीनगरच्या जटकावाल्याची मुलगी. बापाच्या टांग्यावर लहानाची मोठी झाले, मला मांजर काय सांगतेस!

आणि मुळात हे खूळ तिनंच घरात आणलं. तिच्या ऑफिसातली मुलं रविवारी एका ठिकाणी जातात, तिथं म्हाताऱ्या, नकोशा झालेल्या घोड्यांना सांभाळतात आणि कुणी चांगलं माणूस मिळालं तर त्यांना घर शोधून देतात. मुलं जाऊन लीद काढतात, खरारा करतात, भरपूर फोटो काढतात. 'आई, चल, तुझा वेळ जाईल,' म्हणाली, म्हणून गेले. ओळीनं घोडे उभे, आणि अगदी शेवटी ही. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा, पाठ मधे खचलेली. हिनं सगळा जन्म एका रायडिंग स्कूलमध्ये पोरांना पाठीवर बसायला शिकवण्यात घालवला. आता गुडघे धरले, वजन पेलवत नाही, तेव्हा शाळेनं इथं आणून सोडली. थोडक्यात काय, मास्तरीण रिटायर झाली. मी जवळ गेले तशी तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि एक लांब सुस्कारा सोडला, बाजारातून पिशव्या ओढत आणून दारात ठेवल्यावर आपण सोडतो ना, तसा. आई, मला इतका आनंद झाला की मी तिथंच ठरवून टाकलं. मुलगी मागे उभी राहून 'नाही हं, आई, नाही हं' म्हणत होती, ते मी ऐकलंच नाही.

तिच्या अंगाच्या वासानं मला आपलं राजाजीनगरचं स्वैपाकघर समोर दिसायला लागलं. सकाळी तू चुलीवर हुरळी शिजत ठेवतेस, आपले हुलगे. वरचं पाणी निथळून घेतेस, त्याचं लसूण घातलेलं सारू आपल्याला, आणि खालचे मऊ दाणे कोंड्यात कालवून घोडीला. एकाच पातेल्यातलं दोघांचं जेवण. घोडीला तू बाईसाहेब म्हणायचीस, पण बोलायचीस मात्र धाकट्या जावेशी बोलावं तशी. केवढं ते तोंड खुपसायचं, काही रीतभात आहे की नाही? दुपारी अण्णा जटका सोडून घरी यायचे, जेवून आडवे व्हायचे. मग तू तिचं घमेलं मागच्या दारात ठेवायचीस, उंबऱ्याशी पाट मांडून आपलं ताट घेऊन बसायचीस, आणि तुम्ही दोघी जेवायचात. गल्लीतल्या बायका एकमेकींना 'नोडी, नोडी', बघा बघा, म्हणून दाखवायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, चुलीचा धूर सोसत नाही म्हणून तू दारात जेवतेस.

तर घोडी मिळणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. त्या जागेचं बघणारी बाई आमचं घर तपासायला आली. होसकोट्याच्या पुढं तुझ्या जावयांनी रिटायर झाल्यावर घर बांधलं, भोवती थोडी जागा आहे, नारळाची झाडं आहेत. ते गेले, आणि तेव्हापासून मी एकटीच असते. ही बाई मूळची पुण्याची, वयानं तुझ्या नातीएवढी. तिनं कुंपण बघितलं, पाण्याची टाकी बघितली, शेडचा खांब हलवून बघितला. पोरगी द्यायच्या आधीसुद्धा माणसं इतकं बघत नाहीत. मग म्हणाली, "काकू, घोडा एकटा राहत नाही. सोबतीला कोण आहे?"

"मी आहे की."

"चार पायांची सोबत, काकू."

शेजारची अक्का कुंपणाला टेकून सगळा तमाशा बघत होती. तिला कन्नडात समजावलं, तशी ती म्हणाली, सरी, म्हणजे ठीक आहे, माझी गाय दिवसभर तुझ्याकडे बांधते, दूध काढायच्या वेळेला तेवढी घरी नेईन. असं माझं घोडं गंगेत न्हालं. म्हणजे मला तसं वाटलं. पुण्याच्या बाईनं एक अट घातली. म्हातारं जनावर जागा बदलली की कधीकधी खाणं सोडतं, आणि या वयात खाणं सोडलं तर जिवावर बेततं. तेव्हा रविवारी येऊन बघणार, खात नसेल तर गाडीत घालून परत नेणार. मी म्हटलं, बघा की. आपल्या घरात कुणी उपाशी राहिलंय का कधी?

पहिल्या दिवशी तर नुसती करमणूक. गाडीतून उतरली, गाईला हुंगलं, आणि नारळाच्या झाडांभोवती गोल फिरायला लागली. कुणी सांगितलं नाही, लगाम नाही, काही नाही. फिरत फिरत कपडे धुवायच्या दगडाशी येते, थांबते, मान वळवून बघते. परत फेरी, परत दगडाशी थांबते. अक्काला कळेना, मलाही स्वल्प वेळानं लक्षात आलं. मास्तरीणबाई दगडाशी उभ्या राहून पुढच्या पोराला चढायला वेळ देत होत्या! मी आणि अक्का पोट धरून हसलो. अक्का म्हणाली, हिला पेन्शन मिळते ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पण खाईना. दिवसा गाईशेजारी उभी राहून चार काड्या चघळायची, तेवढंच. दात झिजलेले, गवतावर तिचं भागणार नाही, पोटात जायला हवं ते घमेल्यातलं मऊ खाणं. डॉक्टरांना विचारून मी त्यात थोडी शिजवलेली हुरळीही घालत होते. पुण्याच्या बाईनं बजावलं होतं, तिला शांतपणे खाऊ द्या, भोवती गर्दी करू नका. मी ते अगदी देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. घमेलं ठेवायचं, हात जोडायचे बाकी, आणि आत येऊन दार लावून घ्यायचं. नैवेद्य ठेवल्यावर आपण करतो तसंच. थोड्या वेळानं फटीतून बघावं तर नैवेद्य जसाच्या तसा, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी. डॉक्टर येऊन गेले, पोट ठीक, ताप नाही. मुलीचा फोन, 'आई, मी सांगत होते.' शनिवार उजाडला. घोडामैदान जवळ आलं होतं आणि मला रडू येत होतं. ती जाणार म्हणून तर येत होतंच, पण आपल्या दारातून एक बाई उपाशी परत जाणार, याची मला लाज वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी अक्का गाय न्यायला आली. घोडी कुंपणापर्यंत मागे गेली, गाय वळणाआड होईपर्यंत बघत राहिली, मग परत येऊन घमेल्याकडे पाठ करून उभी राहिली. मी खिडकीतून बघतेय, ओट्याशी उभी, हातात पातेलं, पातेल्यातूनच सारू पितेय. आणि एकदम तुझा आवाज आला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुझ्या अंगात ताप होता, म्हणून घोडीचं घमेलं मी ठेवलं आणि सागरगोट्या खेळायला पळाले. तू गोधडी गुंडाळून दारात आलीस, मला वेणीला धरून परत आणलंस. म्हणालीस, "पान वाढून पाहुण्याला एकटं सोडतात का गं? बस इथं. तिच्याबरोबर दोन घास खा." मी म्हटलं, ती घोडी आहे. तू म्हणालीस, "मग? घोडीला काय एकटीनं जेवायला गोड लागतं?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवसभराची सोबत जेवायच्या नेमक्या वेळेला घरी जाते, आणि मी दार लावून घेते! पाट काढला, ताट वाढून घेतलं, भात, सारू, लोणच्याची फोड, आणि अंगणात घमेल्याशेजारी जाऊन बसले. तिच्याकडे बघितलंच नाही. पाहुण्याच्या ताटात बघू नये हेही तुझंच. भात कालवला, चांगले आवाज करत भुरके मारले. थोड्या वेळानं खुरांचा आवाज आला. मग कानाशी गरम श्वास. मग घमेलं वाजलं. आई, ते मऊ मचमच खाणं ऐकत मी बसले, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून पार सारूत पडत होतं. खारट झालं थोडं, पण मी सगळं संपवलं. तिनंही घमेलं चाटून पुसून ठेवलं.

रविवारी गाडी आली ती मुद्दाम खायच्या वेळेला. पुण्याची बाई उतरली, तुझी नात उतरली, ड्रायव्हर उतरला, आणि समोर काय तर मी पाटावर मांडी घालून, मांडीवर ताट, शेजारी बाईसाहेब घमेल्यात नाकापर्यंत बुडालेल्या. मी उठायला लागले तर ती पुण्याची पोरगी म्हणाली, "काकू, उठू नका. जेवा तुम्ही." तिचे डोळे भरले होते. मग उपाशी माणसांना गाडीशी उभं ठेवायचं कसं? सगळ्यांना ताटं वाढली. नारळाखाली पंगत बसली, एका टोकाला ड्रायव्हर, दुसऱ्या टोकाला घोडी. तुझ्या नातीनं सारू दोनदा मागून घेतलं. गाडी रिकामीच परत गेली.

अजून एक राहिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी घालून पाट ठेवायच्या फळीवर ठेवून देईन, म्हणून लिहिते. तुझे जावई गेल्यापासून मी ताट वाढून घेत नव्हते. ओट्याशी उभ्यानं दोन घास पोटात ढकलायचे आणि मुलीला फोनवर सांगायचं, हो, जेवले. आता अक्का गाईचं दूध इथंच काढते, त्यामुळं बाईसाहेबांना खायच्या वेळेलाही सोबत असते. परवा मला बँकेतून यायला उशीर झाला, तर अक्कानं ठेवलेलं घमेलं त्यांनी माझी वाटसुद्धा न बघता संपवलं होतं. तरी मी रोज पाट उचलून अंगणात जाते. कुणी हसलं तर सांगते, काय करू, तिला एकटीला घास उतरत नाही. आई, तुला म्हणून सांगते, तिला उतरतो.