प्रुएटबाईंची गाडी आणि मागची रिकामी बस

सौ. आर्झेलियाताईस लुव्हीनियाचा साष्टांग नमस्कार.

भावजींचा खोकला थांबला का? इकडे अलाबामात सगळे खुशाल. आईचे गुडघे तेवढे दुखतात, पण ते माझ्या जन्मापासूनच दुखतात (तिच्या मते, माझ्या जन्मामुळे).

आम्ही काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याचं तुझ्या डेट्रॉइटपर्यंत पोचलंच असेल. पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, उतरून मागच्या दाराने चढायचं आणि गोरा माणूस आला की उठायचं. एवढ्या कवायतीपेक्षा चालणं सोपं, असं चर्चमध्ये ठरलं. याची खरी झळ लागली ती माझ्या मालकीणबाईंना, प्रुएटबाईंना. प्रुएटसाहेब बहिष्कार मोडायच्या समितीचे पुढारी. त्यांचा हुकूम असा, की कुठल्याही गोऱ्या बाईने मोलकरणीला गाडीतून आणायचं नाही. पण आमच्या बाईंच्या हातून उकडायला ठेवलेलं अंडंसुद्धा करपतं (खरंच करपलं, पाणी घालायला विसरल्या). म्हणून त्या साहेबांच्या चोरून मला न्यायला यायच्या आणि मी ऐटीत मागे बसून जायचे.

गेल्या गुरुवारी त्या समितीचंच जेवण बाईंकडे होतं. बाई घाईघाईने आल्या. चौकात पोलीस दिसला तशा म्हणाल्या, "लुव्हीनिया, जरा सीटखाली वाक ना गं. तेवढा चौक जाऊ दे."

ताई, त्यांच्या घरातली फरशी न् फरशी मी वाकून पुसलीय. पण त्या दिवशी पाठ वाकेचना.

"बाई, गाडी थांबवा."

"का गं? काही विसरलीस?"

"हो. मला पाय आहेत, तेच विसरले होते."

आणि उतरले की गं मी! पुढे मी, मागून माझ्या चालीने बाईंची गाडी आणि तिच्यामागे भोंगा वाजवणारी रिकामी बस. अगदी वरात! बाई खिडकीतून काकुळतीला आलेल्या, "बारा माणसं जेवायला आहेत गं! बस ना!" आणि मी, "येतेय ना बाई, चालत येतेय." घरासमोरच्या ओट्यावरून म्हातारी मिस क्लोटील ओरडली, "अगं, नवरदेव कुठाय?"

तेवढ्यात पोलीस धावत आला. आमच्या गल्लीतल्या धोबिणीला याहून कमी गुन्ह्यासाठी कोठडीत टाकलं होतं.

"काय चाललंय तुझं?"

"मीच चाललेय, साहेब."

चालण्याविरुद्धचा कायदा आठवायला त्याने बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी वाहतूक अडवल्याबद्दल दंड ठोकला तो बाईंनाच! वर दरडावून विचारलं, "मोलकरणीला आणायला आला होतात की काय?"

"छे!" बाई ताठ बसून म्हणाल्या. "मी हिच्यावर नजर ठेवतेय."

जेवणाला अर्थातच उशीर झाला. दिवाणखान्यात साहेब गरजत होते, "या लोकांचं आपल्यावाचून आठवडाभरसुद्धा चालणार नाही!" आणि अकरा भुकेली माणसं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत माना डोलवत होती.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या आणि या खेपेस गाडीचं पुढचं दार उघडून थांबल्या. मी म्हटलं, "आज हवा छान आहे बाई," आणि चालू लागले. तेव्हापासून रोज चालते. पाय मुळीच दुखत नाहीत.

तुझी,
लुव्हीनिया

ता. क. पाय दुखत नाहीत हे आईसाठी लिहिलं. पत्र टाकण्याआधी ती चष्मा लावून सगळं वाचते. हे तिचं वाचून झाल्यावर लिहितेय. दोन्ही टाचा फुटल्यात.

आणखी एक ता. क. तिकडे काम बघून ठेवलंय, आगगाडीचं तिकीट पाठवतो, असा भावजींचा निरोप मिळाला. त्यांना नमस्कार सांग. तिकीट नको, त्याऐवजी बूट पाठवा. पंजाला रुंद, तळाला जाड. दिसायला कसेही चालतील, फक्त चालले पाहिजेत.