तळघरातली ओल

विनिपेग, १९ जानेवारी

प्रिय स्टेफा,

थोरल्या बहिणीला धाकट्याचा रीतसर नमस्कार, आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा दोनदा, कारण इथे इंग्रजी आणि आपलं जुन्या पंचांगाचं, दोन्ही नवी वर्षं उरकून झाली. तुझा गुडघा कसा आहे? व्हँकुव्हरच्या पावसाने तो ठणकतो असं तू लिहिलं होतंस. ते वाचून डॅरिया हळहळली आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. इकडे आज उणे चौतीस आहे. पावसाने दुखणारा गुडघा ही आम्हा लोकांच्या दृष्टीने चैनच आहे, पण असो, मलम लावत जा. आम्ही सगळे ठीक. डॅरिया ठीक, मोटारीची बॅटरी ठीक नाही, आणि आई इतकी ठीक आहे की त्यापायीच हे पत्र लिहावं लागतंय. फोनच केला असता, पण आपला दुसरा फोन तळघरातल्या भिंतीवर आहे आणि तो हळूच उचलून कोण ऐकतं हे तुला सांगायला नको.

तर मी तळघराचं काम काढलं आहे. (हसू नकोस. बाबांनी ‘पुढच्या हिवाळ्यात नक्की’ असं म्हणत चाळीस वर्षं काढली, मी निदान कागदावर रेघा तरी मारल्या.) सगळ्यांना सांगतोय की निवृत्त झालो, आता खाली मोठा टीव्ही, दोन आरामखुर्च्या आणि आइस हॉकी, एवढंच मागणं आहे. ते खरंही आहे. पण खरं कारण आई. नोव्हेंबरात ती तळघराच्या जिन्यावरून शेवटच्या चार पायऱ्या घसरली. मोडलं काही नाही, पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत बीटाच्या रंगाची झाली होती. डॉक्टर म्हणाले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा पडल्या तर खुबा जाईल, आणि या वयात खुबा गेला की माणूस अंथरुणातून उठत नाही. जिना कायमचा बंद. आईने अगदी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसरी कोणी असती तर विचारलं असतं की म्हातारीचं तळघरात एवढं अडतं काय. तू नाही विचारणार. वरच्या स्वयंपाकघरातली शेगडी आजही तू सोडून गेलीस तशीच आहे, तिच्यावर भरतकामाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. तिथे आजवर कांदा परतला गेलेला नाही. वरचं पाहुण्यांना दाखवायला आणि खालचं जेवायला, हा आपल्या गल्लीतल्या झाडून सगळ्या युक्रेनी घरांचा कायदा. (डॅरिया लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने वरच्या शेगडीवर एक अंडं उकडलं होतं. आई आजही त्याला ‘ते अंडं’ म्हणते.) म्हणून मी मोठ्या हुशारीने बेत केला: कामाच्या निमित्ताने खालची शेगडी काढायची, भांडीकुंडी वर आणायची आणि आईला खाली जायला काही कारणच ठेवायचं नाही. तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून सांगितलं की तळघरात ओल आली आहे.

सल्ल्याला बोहदानला बोलावलं. चर्चच्या गायकवृंदात सगळ्यात खालच्या पट्टीत गातो तो सुतार, आता काम सोडलंय, पण वाईट बातमी द्यायची हौस सुटलेली नाही. त्याने भिंतीला कान लावला, उसासा टाकला आणि मला भिंतींचं शास्त्र शिकवायला बसला. आपल्या गावाखालची चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि तळघराची जमीन वर-खाली होते, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यामुळे नव्या भिंती जमिनीवर उभ्याच करायच्या नाहीत, वरच्या तुळयांना टांगायच्या आणि खाली चार बोटं फट सोडायची, हे ऐकून मी गार झालो. आयुष्यभर ज्या गावात राहिलो तिथे भिंतीसुद्धा लोंबकळत ठेवतात, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. मग त्याने जमिनीवर हातभर प्लॅस्टिकचा चौकोन अंथरला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. तीन दिवसांनी त्याच्या खाली पाणी दिसलं तर जमीन ओली, कोरडं असलं तर खुशाल खुर्च्या मांड. मी मनात म्हटलं, वा, खोटं बोललो होतो त्याचीही रीतसर तपासणी होतेय.

तीन दिवसांनी बोहदानने पट्टी सोलली आणि प्लॅस्टिक उचललं. खाली तळं. थेंब नव्हेत, तळं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. नदी वाट काढतेय म्हणाला, चर खणा, पंप बसवा, वसंतात बर्फ वितळलं की कमरेइतकं पाणी असेल, आणि तोवर घर टिकलं तर आपण बोलूच. माझी पाचावर धारण बसली. मी ओल आली असं खोटं बोललो आणि ती आली. डॅरिया मात्र वाकली, नाक पुढे केलं, मग बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, “नदीत बडीशेप कधीपासून घालायला लागले?”

कोबीचं पाणी होतं, स्टेफा. आंबवलेल्या कोबीचं, मीठ आणि बडीशेपेसकट. आम्ही तिघांनी एकदम वर पाहिलं, तर जिन्याच्या तोंडाशी आई, हात एप्रनमध्ये. तिने काही लपवलं नाही. कोबीची चिनी मातीची बरणी पाझरत होती, एवढं छान स्वच्छ प्लॅस्टिक कोणी वाया घालवतं का, म्हणून तिने ते सोलून बरणीखाली घेतलं. बोहदानची गाडी यायच्या दिवशी, माणसाचं काही महत्त्वाचं असेल म्हणून, न पुसता, ओलंचिंब, पुन्हा जागेवर चिकटवून दिलं. “वाकडं चिकटवलं होतं रे तू,” ती बोहदानला म्हणाली, “मी सरळ केलं.” तो बिचारा आभार मानून बसला.

आम्ही हसलो, मग माझं हसू तोंडातच राहिलं. म्हणजे ती रोज खाली जात होती. आम्ही दोघं बाजाराला गेलो की, मी फुटपाथवरचं बर्फ उपसायला गेलो की, घसरगुंडीसारख्या त्या जिन्यावरून, घरात हाक ऐकायला कोणी नसताना. मी ओरडलो. नको ते बोललो. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझं झालं असेल तर खाली आलाच आहेस म्हणून बटाटे वर घेऊन ये.” त्या दिवसापासून मी जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून पहारा देतोय. मला भीती वाटते, स्टेफा, दुसरा शब्द नाही. रात्रंदिवस धप्प असा आवाज ऐकू येतो आणि तो नेहमी छपरावरचं बर्फच असतो.

शेवटी बोहदाननेच तोडगा सांगितला. ती वर राहत नसेल तर तिला खालीच राहू दे, म्हणजे जिना उतरायचा एकदाच. खाली शेगडी तिथेच, शेजारी तिचा पलंग, न्हाणीघर, आणि मागच्या अंगणातून खाली यायला कठडा लावलेला उतार. हॉकी गेली खड्ड्यात. (टीव्ही आईच्या वरच्या खोलीत ठेवायचा विचार आहे, पण हे तिला इतक्यात कळवू नकोस.) फक्त तळघरात झोपायची खोली करायची तर कायद्याने तिला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी. चौऱ्याऐंशी वर्षांची आई खिडकीतून उडी मारतेय असं चित्र मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. तिला जमेल असं वाटतं. पण खिडकीसाठी बाहेरून खणावं लागतं आणि जमीन आत्ता पुरुषभर खोल गोठली आहे. बोहदान म्हणतो, मेच्या आधी कुदळ लागणार नाही.

बाकी सर्व क्षेम. डॅरियाचा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
ओरेस्ट

ता. क. – नकाशा सोबत जोडला आहे. भिंती टांगलेल्या आहेत, त्या तशाच वाच.

ता. क. २ – आता खरं सांगतो. मेपर्यंत आईला तुझ्याकडे राहायला ने. तू अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली-वर करायला जिना नाही. थोरली आहेस, तुझं ती ऐकते. बोलावणं तुझ्याकडून आपणहून आल्यासारखं येऊ दे. माझं नाव कुठेही घेऊ नकोस.

ता. क. ३ – पाकिटं आणि टपालाची तिकिटं माझ्या डब्यात असतात हे ओरेस्ट विसरतो. पत्र वाचलं. नकाशा चांगला आहे, शेगडी उलट्या बाजूला काढली आहे, मी दुरुस्त केली. स्टेफा, मी जिना बसत बसत उतरते, एकेक पायरी, तू लहानपणी उतरायचीस तशी. ओरेस्टला वाटतं मला कोबी हवा असतो. वर असले की सगळे म्हणतात, आई बसा, आई पडा. खाली असायचे तेव्हा दिवसातून दहा वेळा कोणीतरी जिना उतरून विचारायचं, आई, खायला काय आहे. मेपर्यंत राहायला येईन मी तुझ्याकडे, पोराचा जीव घाबरा झालाय, मला दिसतं. फक्त तुझ्या घरी माझ्यासाठी काय काम आहे ते आधी लिहून कळव. – आई