आजीचा दगड

१७ नोव्हेंबर, रविवार

सापडला! अखेर एक तरी असा दगड सापडला, जो आजवर कुणाच्या यादीत नाही!

गुंजी स्टेशनवर उतरून पुढे चालत. रस्ता विचारला तर जो तो वेगळीकडेच बोट दाखवतो. शेवटी परशरामआप्पांच्या भाताच्या बांधावर पोचले. घरचे लोक त्याला 'आजीचा दगड' म्हणतात. दर अवसेला दहीभात ठेवतात. आजी कोण, कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. पिढ्यान् पिढ्या दहीभात मात्र चुकलेला नाही.

दगडावर शेवाळ होतं. त्यांच्या सुनेनं, तेजस्वीनं, नारळाच्या काथ्यानं घासून दिला. वर चंद्रसूर्य, मध्ये कोपरात वाकलेला, चुड्यानं भरलेला हात, खाली पिंडीपुढे बसलेलं जोडपं. सतीशिळा! 

आप्पांना समजावून सांगितलं. ते बघतच राहिले. "म्हंजे आमच्याच घरातली बाई सती गेलती?" मी म्हटलं, हो, तुमच्याच घराण्यातली असणार. शेत तुमचं, नैवेद्य तुमचा.

जेवायला बसवलंच. परशरामआप्पांच्या मालकीणबाई, नागुबाई, कमी बोलतात, वाढतात भरपूर. त्यांचा एकुलता समर्थ दोन वर्षांपूर्वी लाकडं भरलेल्या ट्रकखाली गेला. तेजस्वी त्याची बायको. मागे आई-बाप नाहीत, म्हणून इथंच राहिली. आप्पा तिच्यादेखतच म्हणाले, "सून न्हाय, लेक हाय आमची. बेळगावातला पोरगा बघितलाय हिला, नागेंद्र. दवाखान्यात लॅबमधे हाय. माघात उडवून द्यायचं लगीन." तेजस्वी लाजून आत गेली. किती चांगली माणसं! सुधारणा म्हणजे काय ते आमच्या शहरातल्यांनी इथं येऊन बघावं.

२४ नोव्हेंबर, रविवार

दगडावरचा माझा लेख पेपरात छापून आला. बाबांनी खडेबाजारातल्या स्टॉलवरच्या होत्या तेवढ्या प्रती उचलल्या. आता कोर्टातल्या सगळ्या वकील मित्रांना वाटणार. मथळा मात्र माझा नाही – 'गुंजीच्या मातीत सतीचे तेज'! मी बिचारीनं 'खानापूर तालुक्यातील एक अप्रकाशित सतीशिळा' असं दिलं होतं. कुणी वाचलं असतं म्हणा. फोटो सुरेख आलाय.

१ डिसेंबर, रविवार

आप्पांचा फोन. आज अवस. लोक नारळ घेऊन आले म्हणे, दुसऱ्या गावांतूनसुद्धा. "तुमची किरपा मॅडम!" मी हसले. फुकट कौतुक कुणाला नको असतं?

१५ डिसेंबर, रविवार

काय लिहू?

दगडाला चंदेरी ऑइलपेंट फासलाय. चुडा हिरवा, कुंकू लाल, डोळे नव्हते तिथं डोळे काढलेत. वर पत्र्याची शेड. पाटी – 'श्री सतीआई प्रसन्न'. त्याखाली माझा लेख, लॅमिनेट करून, आणि त्याखाली 'संशोधन : अदिती मॅडम, बेळगाव'. देवस्थानाची संस्थापक झाले मी! चंदेरी रंगाखाली आता कुठलं शिल्प आणि कुठला अभ्यास. ओरडावंसं वाटलं. आप्पांचा चेहरा इतका फुललेला होता की त्यांनी दिलेला प्रसाद घेतला.

पण हे काहीच नाही.

चहा पिताना सहज विचारलं, लग्नाची तयारी कुठवर आली? आप्पा शांतपणे म्हणाले, "मोडली सोयरीक. सतीआईचं घर हाय आमचं. हितं दुसरं कुंकू कसं चालंल, तुमीच सांगा."

मीच सांगा!

मी काहीबाही बोलले. काळ बदललाय, तो रिवाज क्रूर होता, कायदा आहे. ते मान डोलवत ऐकत होते. मी रेडिओ असल्यासारखे. नागुबाई चुलीपाशी पाठमोऱ्या. 

तेजस्वी गोठ्यामागं भेटली. रडत नव्हती. शेण भरत होती. म्हणाली, "मॅडम, तुमी आला न्हवता तवा ती नुसती आजी हुती. दहीभात खायाची आनि गप बसायाची."

१६ डिसेंबर

कॉलेजात 'भारतीय समाजसुधारणेचा इतिहास' शिकवला.  मुलांनी सगळं लिहून घेतलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

पीएच.डी.च्या गाइडसरांना सांगितलं. वाटलं होतं हादरतील. ते म्हणाले, "अरे वा! हे तर जिवंत उदाहरण आहे. परंपरा कशी घडते ते तुझ्या डोळ्यांसमोर. शेवटच्या प्रकरणात घाल." मी म्हटलं, सर, एका मुलीचं लग्न मोडलंय. ते म्हणाले, "संशोधकानं हस्तक्षेप करायचा नसतो."

करून बसलेय की मी! काथ्यानं घासून!

मग वेगळं विचारलं. ती बाई त्याच घराण्यातली असं मी म्हणाले, लेखातही लिहिलं, त्याला पुरावा काय? सर हसले. "काहीच नाही. दगडावर कोरलेला लेख नाही, नाव नाही. जमीन किती हातांतून फिरली असेल. ते तू लिहायलाच नको होतंस."

हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळतच होतं. पण 'तुमच्याच घरातली' म्हटल्यावर त्या माणसाचे डोळे असे चमकले की मलाही गोड वाटलं.

२८ डिसेंबर, शनिवार

बाबांना कायदा विचारला. "सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे. तक्रार देता येईल. पण पाटीवर नाव कुणाचं आहे बाईसाहेब?"  मग माझा चेहरा बघून म्हणाले, "मुलगी सज्ञान आहे. ती निघून आली तर कुणी अडवू शकत नाही. इथं आपल्या घरी आण."

लगेच तेजस्वीला फोन केला. ती म्हणाली, "पळून न्हाय येनार मी. समर्थ गेल्यावर लोक मला पांढऱ्या पायाची म्हनत हुते, तवा मामंजींनी काठी घेऊन हाकलून लावलं त्यास्नी. त्येंच्या तोंडातनं 'जा' आलं पायजे. न्हायतर जन्मभर मला घास गिळायचा न्हाय."

कायद्याचं पुस्तक बाबांनी मिटलं.

१२ जानेवारी, रविवार

गेले. सरळ कबूल केलं. आप्पा, मी चुकले. ती बाई तुमच्या घरातली होती याला काही आधार नाही. कुणाचीही असेल. मी पेपरात दुरुस्ती देते.

 आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, छापून आलंया. आता न्हाय म्हनता व्हय?"

मी पुन्हा सांगितलं.

"पोरगं गेलं माझं, तवा तेराव्याला जेवून गेली मानसं ती परत फिरकली न्हाईत. वाट बदलून जायाची. अपशकुनी घर म्हनायची. आता बगा, अख्खं गाव दारात येतंय. म्हातारी मानसं माझ्या पाया पडत्यात – ह्या परशाच्या! सतीआईनं मान दिला आमाला. त्यो परत न्हेणार तुमी?"

 आजवर लोकांचा इतिहास शिकले तो सगळा पुस्तकातल्या लोकांचा. समोर बसलेला, डोळे पुसणारा माणूस कुठल्या प्रकरणात बसवायचा ते मला कुणी शिकवलंच नाही. तो वाईट नाही. हीच तर पंचाईत आहे.

नागुबाईंनी भाकरी वाढली. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही तरी काही बोला ना. त्या म्हणाल्या, "आमचं कोन ऐकतंय? घरात बाईचा शब्द चालतोय व्हय? ज्येवा तुमी." तूप वाढलं आणि आत गेल्या.

गाडी चुकली. स्टेशनवर बसून राहिले. रडले, कुणी बघत नव्हतं म्हणून.

१४ जानेवारी

दुरुस्ती पाठवली होती. संपादकांचा फोन – "वाचक नाराज होतील. शिवाय आता तिथं श्रद्धा आहे." तिळगूळ घ्या म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

नागेंद्रला भेटले, दवाखान्याच्या कँटीनमध्ये. साधा मुलगा. चहा समोर ठेवून प्यायलाच नाही. "मी थांबायला तयार हाय मॅडम. पण घरी आईनं दुसरी पोरगी बघितल्या. अवसेनंतर सुपारी फोडूया म्हंते. किती दिवस टाळू?"

हे तेजस्वीला सांगावं की नाही? सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "त्यास्नी सांगा, माझ्यासाठी थांबू नगा." मग म्हणाली, "न्हाय, नगा सांगू." फोन ठेवला.

माझ्याकडे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. प्रबंध उघडला, मिटला. काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

२९ जानेवारी, अवस

गर्दी होती. आरती चालू असताना नागुबाईंच्या अंगात आलं. आजवर कधी आलेलं नव्हतं म्हणे. केस सुटले, घुमायला लागल्या, आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याला 'लेकरा' म्हणून हाक मारली – "लेकरा, मी आपन होऊन गेले न्हाय रं! धरून न्हेलं मला! वाजंत्री लावली, माझं वरडनं कुनाला ऐकू गेलं न्हाय! ह्या पोरीला तरी धरू नगो! जाऊ दे तिला, हळद लावून जाऊ दे!"

आप्पांनी साष्टांग घातला. "चुकलं आई," म्हणाले. मग सगळं गाव वाकलं. तेजस्वीला तिथल्या तिथं हळद लावली.

नंतर नागुबाई चुलीपाशी होत्या. मला चहा दिला. केस परत घट्ट बांधलेले.

"आता ह्ये बी छापा पेपरात," म्हणाल्या.